प्राचीन ग्रीकांचा न्याय आणि राज्यकारभार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दोन प्रकारच्या वाचकांकडून येतात. काही जण राज्यशास्त्राची परीक्षा देत असतात. काहींनी कुठेतरी प्लेटोचं एखादं वाक्य वाचलेलं असतं आणि ते त्यांना स्वस्थ बसू देत नाही. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, अडचणीचे नंतर. एका उत्तरातला मजकूर दुसरीकडे पुन्हा दिलेला नाही, त्या उत्तराचा क्रमांक दिला आहे.

१. इतकी नावं आहेत की गोंधळ होतो. नेमकी कोणती लक्षात ठेवायची?

न्याय आणि राज्य या विषयापुरती तीन नावं पक्की करा. सॉक्रेटिसने एक ओळही लिहिली नाही. तो बाजारात, व्यायामशाळेत लोकांना गाठायचा आणि प्रश्न विचारून भंडावून सोडायचा. त्याच्या सहवासात वाढलेल्या प्लेटोने संवाद लिहिले आणि बहुतेक संवादांत सॉक्रेटिसलाच बोलतं केलं. त्यामुळे गुरूचं मत कुठे संपतं आणि शिष्याचं कुठे सुरू होतं, यावर अभ्यासक आजही भांडतात. तिसरा ॲरिस्टॉटल (इ.स.पू. ३८४ ते ३२२), प्लेटोच्या ॲकॅडमी या विद्यालयात वीस वर्षं काढलेला. तो उत्तरेकडच्या स्टॅगिराचा, म्हणजे अथेन्समध्ये परका. नागरिक कोणाला म्हणावं यावर इतकं बारकाईने लिहिणाऱ्या या माणसाला अथेन्सच्या सभेत मत देता येत नव्हतं.

या तिघांच्या अवतीभवती सॉफिस्ट होते, म्हणजे फी घेऊन वक्तृत्व आणि राजकारण शिकवणारे फिरते शिक्षक. नंतर आलेल्यांसाठी प्रश्न १४ पाहा.

२. लोकशाही ही ग्रीक तत्त्वज्ञांची देणगी, असं आमच्या पुस्तकात आहे. बरोबर ना?

नाही. अथेन्समध्ये लोकशाहीचा पाया घालणाऱ्या क्लेइस्थेनिसच्या सुधारणा झाल्या इ.स.पू. ५०८-५०७ मध्ये. तेव्हा सॉक्रेटिसचा जन्मही झालेला नव्हता. लोकशाही आधी आली, कुरकुर करणारे तत्त्वज्ञ नंतर. प्लेटोच्या उतरंडीत लोकशाहीच्या खाली फक्त जुलमी एकाधिकारशाही आहे. ॲरिस्टॉटलने तिला बिघडलेल्या राज्यप्रकारांत टाकलं, मात्र बिघडलेल्यांतला सगळ्यांत सुसह्य प्रकार, अशी सवलत दिली.

बाजू घेणारे मोजकेच. प्लेटोनेच प्रोटॅगोरस या सॉफिस्टाच्या तोंडी एक कथा घातली आहे. लाज आणि न्यायबुद्धी माणसांना वाटायला निघालेला देवांचा दूत हर्मिस देवांचा राजा झ्यूस याला विचारतो, ‘वैद्यकी जशी मोजक्यांना दिली, तसंच हेही मोजक्यांनाच देऊ का?’ झ्यूस सांगतो, सगळ्यांना दे, नाहीतर नगरं टिकणारच नाहीत. लोकशाहीच्या बाजूने इतका नेमका युक्तिवाद प्राचीन ग्रीसमधून दुसरा क्वचितच हाती लागतो, आणि तो जपून ठेवला लोकशाहीच्या सगळ्यांत मोठ्या टीकाकाराने.

३. अथेन्सची लोकशाही चालायची कशी? निवडणुका व्हायच्या का?

व्हायच्या, पण फार थोड्या पदांसाठी. दहा सेनापती दरवर्षी निवडून दिले जात. सल्लागार मंडळाचे ५०० सभासद मात्र चिठ्ठ्या टाकून नेमले जात, दहा गणांतून प्रत्येकी ५०, आणि एका माणसाला आयुष्यात दोनदाच बसता येई. न्यायालयातले पंचही चिठ्ठीनेच. त्यासाठी खाचा पाडलेलं एक दगडी यंत्र वापरत, त्याचे तुकडे अथेन्सच्या उत्खननात सापडले आहेत.

अंतिम सत्ता नागरिकांच्या सभेकडे. ती प्निक्स टेकडीवर भरे, चौथ्या शतकात वर्षाला ४० वेळा. काही निर्णयांना किमान ६,००० जणांची हजेरी लागे. प्रतिनिधी, पक्ष, मंत्रिमंडळ असलं काही नव्हतं. शेतकरी, चांभार, खलाशी स्वतः हात वर करून युद्ध की तह ते ठरवत. इ.स.पू. ४२७ मध्ये मिटिलिनी या बंडखोर नगरातल्या सगळ्या पुरुषांना ठार मारायचं याच सभेने ठरवलं, जहाज रवाना केलं, आणि दुसऱ्या दिवशी पस्तावून मागोमाग दुसरं जहाज पाठवलं. दुसरं जहाज अगदी ऐन वेळी पोचलं. सभेचा उतावळेपणा आणि चूक सुधारायची तिची तयारी, दोन्ही या एका प्रसंगात दिसतं. टीकाकार पहिल्या जहाजाचीच आठवण काढतात.

निवडणूक म्हणजेच लोकशाही, असं आपण धरून चालतो. ॲरिस्टॉटलने उलट लिहिलं आहे: चिठ्ठी ही लोकशाहीची खूण, निवडणूक ही अल्पजनसत्तेची. निवडून कोण येतं? नावाजलेले, पैसेवाले, चांगले बोलणारे. मुद्दा जुना असला तरी आजही टोचतो.

या सभेबाहेर राहिलेल्या स्त्रिया आणि गुलाम यांच्यासाठी प्रश्न १० आणि १२.

४. लोकशाहीने सॉक्रेटिससारख्या माणसाला मारलं कसं?

खटला इ.स.पू. ३९९ चा. आरोप असे: नगराच्या देवांना मानत नाही, नवी दैवतं आणतो, तरुणांना बिघडवतो. न्यायाधीश नाही, वकील नाही, फक्त सुमारे ५०० पंच आणि एका दिवसात निकाल. प्लेटोच्या वृत्तांतानुसार ३० मतं इकडची तिकडे झाली असती तर तो सुटला असता. शिक्षेसाठी दोन्ही बाजूंनी एकेक पर्याय सुचवायचा आणि पंचांनी त्यांतला एक निवडायचा, अशी पद्धत होती. फिर्यादींनी मृत्युदंड मागितला. सॉक्रेटिस म्हणाला, मला तर नगराच्या खर्चाने जन्मभर जेवण मिळायला हवं! मग मित्रांच्या आग्रहाने त्याने दंड सुचवला, पण तोवर पंच बिथरले होते.

आरोपपत्रात नसलेलं कारण समजून घेतल्याशिवाय हा खटला कळत नाही. पाचच वर्षांपूर्वी अथेन्स स्पार्टाकडून युद्ध हरलं होतं आणि स्पार्टाच्या जोरावर तीस जणांच्या टोळीने सत्ता बळकावली होती. काही महिन्यांत त्यांनी १,५०० च्या आसपास माणसं मारली. टोळीचा म्होरक्या क्रिटियास हा सॉक्रेटिसच्या बैठकीतला, आणि प्लेटोच्या आईचा चुलतभाऊ. लोकशाही परतली तेव्हा सार्वत्रिक माफी जाहीर झाली, त्यामुळे जुन्या राजकारणावरून कोणावर खटला भरता येत नव्हता. तो राग देवाधर्माच्या आरोपातून बाहेर पडला, असं बरेच इतिहासकार मानतात. मलाही ते पटतं. सॉक्रेटिसवर मात्र यात अन्याय आहे, कारण त्या तिसांनी सालामिसच्या लिऑनला धरून आणायला सांगितलं तेव्हा तो सरळ घरी निघून गेला होता.

५. सॉक्रेटिस न्यायालयात म्हणतो ‘तुमचा हुकूम मानणार नाही’, तुरुंगात म्हणतो ‘कायदा मोडणार नाही’. यात विसंगती नाही का?

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि यायलाच हवा. न्यायालयात सॉक्रेटिस सांगतो, तत्त्वचिंतन सोडण्याच्या अटीवर मला सोडलंत तरी मी सोडणार नाही, तुमच्यापेक्षा देवाचं ऐकेन. तुरुंगात त्याचा मित्र क्रिटो याने पळून जायची सगळी तयारी केल्यावर तोच सॉक्रेटिस नगराचे कायदे जणू समोर येऊन बोलत आहेत अशी कल्पना करतो. ते म्हणतात, आमच्या आधारावर तू जन्मलास, वाढलास, सत्तर वर्षांत नगर सोडून गेला नाहीस. आता एक निकाल विरोधात गेला म्हणून आम्हाला मोडणार?

मेळ असा लागतो: अन्याय करायला लावणारा हुकूम पाळायचा नाही, पण अन्याय सोसायला लावणारा निकाल टाळायचा नाही. लिऑनला धरून आणणं हे पहिल्या प्रकारातलं, विषाचा पेला दुसऱ्या. गांधीजींना हा माणूस आपला वाटला यात नवल नाही. १९०८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत असताना त्यांनी सॉक्रेटिसच्या बचावाच्या भाषणाचं गुजराती रूपांतर आपल्या साप्ताहिकात छापलं होतं.

तरी एक फट उरतेच. कायदे म्हणतात, ‘आमचं मन वळव, नाहीतर पाळ.’ मन वळवण्याची संधी खरोखर मिळाली नसेल तर काय, याचं उत्तर प्लेटोच्या ‘क्रिटो’ या संवादात नाही.

६. प्लेटोच्या मते न्याय म्हणजे काय, एका वाक्यात सांगा.

ज्याने त्याने आपलं काम करावं आणि दुसऱ्याच्या कामात लुडबुड करू नये.

एवढं लिहून गुण मिळतील, पण वाक्य पोकळ वाटेल. प्लेटोचा डाव असा आहे की एका माणसातला न्याय बारीक अक्षरात असतो, म्हणून आधी तो नगराच्या मोठ्या अक्षरात वाचायचा. नगरात राज्यकर्ते, सैनिक आणि उत्पादक. मनात विवेक, आवेश आणि वासना. विवेकाने राज्य करायचं, आवेशाने त्याला साथ द्यायची, वासनेने मर्यादेत राहायचं. न्याय म्हणजे ही आतली घडी नीट बसलेली असणं. म्हणजे न्याय ही आधी माणसाच्या मनाची अवस्था आणि मग व्यवहाराचा नियम. आपण नेमका उलटा विचार करतो, म्हणून पहिल्या वाचनात ‘रिपब्लिक’ हा प्लेटोचा संवाद हातातून निसटतो.

एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. हा संवाद पिरीयस बंदरात पोलेमार्कसच्या घरी घडतो. घर परक्यांचं: वडील केफलस सिसिलीतल्या सिराक्यूजहून आलेले, ढाली बनवण्याचा मोठा कारखाना. ‘मित्राचं भलं आणि शत्रूचं वाईट करणं म्हणजे न्याय’ असं या घरात म्हणणाऱ्या पोलेमार्कसला पुढे त्याच तिसांच्या टोळीने (प्रश्न ४) मालमत्तेसाठी पकडून खटल्याशिवाय विष प्यायला लावलं. प्लेटोच्या पहिल्या वाचकांना हे ठाऊक होतं.

७. ‘बळी तो कान पिळी’ हे थ्रॅसिमॅकसचं म्हणणं प्लेटोला खोडता आलं का?

थ्रॅसिमॅकसचं म्हणणं: सत्ता ज्याची, कायदे त्याच्या सोयीचे, आणि ते पाळण्यालाच लोक न्याय म्हणतात. सॉक्रेटिस उत्तर देतो की वैद्य वैद्य म्हणून रोग्याचं हित पाहतो, तसा राज्यकर्ता प्रजेचं. थ्रॅसिमॅकस उसळून म्हणतो, मेंढपाळ मेंढ्यांना पुष्ट करतो ते काय मेंढ्यांसाठी? पहिल्या भागाच्या शेवटी तो गप्प बसतो, पण पटलेलं नसतं, आणि सॉक्रेटिसही कबूल करतो की न्याय म्हणजे काय हे अजून ठरलेलंच नाही.

मग प्लेटोचा सख्खा भाऊ ग्लाउकॉन हाच मुद्दा अधिक धारदार करतो. गायजीसच्या गोष्टीतली अंगठी बोटात फिरवली की माणूस अदृश्य होतो. अशी अंगठी मिळाल्यावर न्यायी माणूसही चोरी सोडेल का? लोक एकमेकांच्या भीतीने तडजोड करतात आणि तिला न्याय म्हणतात, असा त्याचा रोख.

प्लेटोचं अंतिम उत्तर नवव्या भागात येतं: जुलमी सत्ताधाऱ्याच्या मनात वासनांचं राज्य असतं, तो सगळ्यांत दुःखी गुलाम. खरा राजा त्याच्यापेक्षा ७२९ पट सुखी, असा हिशेबही सॉक्रेटिस मांडतो. तो गमतीने की गांभीर्याने, हे ज्याने त्याने ठरवावं. माझ्या मते खोडणं अर्धंच झालं. ज्याच्या मनाची घडी नीट बसली आहे तो दुसऱ्याची ठेव बुडवणार नाही, हे प्लेटो गृहीत धरतो, सिद्ध करत नाही. आणि थ्रॅसिमॅकस हवेतलं बोलत नव्हता. इ.स.पू. ४१६ मध्ये मेलोस बेटाला वेढा घालताना अथेन्सच्या दूतांनी हेच ऐकवलं होतं, असं इतिहासकार थ्युसिडिडीसने लिहून ठेवलं आहे.

८. तत्त्वज्ञ राजा प्रत्यक्षात कधी झाला का?

प्लेटोने सिराक्यूजला जाऊन तसा प्रयत्न केल्याची हकीकत त्याच्या नावावरच्या सातव्या पत्रात आहे. ते पत्र त्याचंच का, यावर वाद आहे. तिथला सत्ताधीश थोरला डायोनिसियस याच्या काळात एक फेरी, धाकट्याच्या काळात दोन. धाकट्याला तत्त्वज्ञानाची हौस होती, पण चिकाटी नव्हती. प्लेटो जवळजवळ नजरकैदेत अडकला आणि त्याचा मित्र डिऑन पुढे सत्तेच्या झगड्यात मारला गेला.

ग्रंथातला अभ्यासक्रम पाहिला तर राजे का मिळत नाहीत ते कळतं: वीस ते तीस गणित, मग पाच वर्षं तर्कचर्चा, मग पंधरा वर्षं हाताखालची कामं, पन्नाशीला राज्य. तेही आळीपाळीने, आणि मनाविरुद्ध. घर, जमीन, सोनं काही नाही. ज्याला सत्ता हवीशी वाटते त्याला ती द्यायची नाही, ही प्लेटोची अट ‘तत्त्वज्ञ राजा’ या घोषणेत हरवून जाते.

९. प्लेटोचे तीन वर्ग आणि आपली वर्णव्यवस्था एकच ना?

साम्य वरवर भासतं त्यापेक्षा कमी आहे, आणि प्लेटोचे चाहते मानतात त्यापेक्षा जास्त. सोनं, रुपं, लोखंड-पितळ यांच्या कथेत प्लेटो स्पष्ट म्हणतो की सोन्याच्या आईबापांना पितळेचं मूल झालं तर त्याला खाली पाठवा, आणि उलट झालं तर वर आणा. वर्ग जन्माने कायम ठरत नाही. मात्र ही कथा खोटी आहे आणि लोकांनी ती खरी मानावी, हेही प्लेटोच सांगतो.

या विषयावर मराठी वाचकाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं म्हणणं वाचायलाच हवं. १९३६ मध्ये लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण प्रत्यक्ष न झालेल्या भाषणात त्यांनी चातुर्वर्ण्याची तुलना प्लेटोशी केली. त्यांचा आक्षेप जन्माच्याही पलीकडे जातो: गुणांनुसार का होईना, माणसांना मोजक्या ठरीव कप्प्यांत कोंबणं हीच माणसाविषयीची उथळ समजूत आहे. एकाच माणसात किती प्रवृत्ती असतात आणि दोन माणसं किती वेगळी असतात, याची प्लेटोला कल्पना नव्हती. ‘प्लेटो गुणकर्मवादी होता’ एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांना हे उत्तर पुरेसं आहे.

१०. स्त्रियांना राज्य करायचा अधिकार प्लेटोने खरंच दिला होता?

कागदावर, हो. राखणदारीसाठी कुत्री आणि कुत्रा दोघांनाही कामाला लावतो, मग माणसांत भेद का, असा त्याचा सवाल. स्त्री-पुरुषांना एकच शिक्षण, एकच व्यायाम, एकच सत्ता. ज्या नगरात स्त्रीला सभेत पाऊल टाकता येत नव्हतं तिथे हे लिहिलं गेलं. मात्र ‘स्त्रिया एकंदरीत दुबळ्या’ हे शेपूट त्याला जोडलेलं आहे, आणि राज्यकर्त्यांची कुटुंबंच मोडून मुलं सामाईक करायची, ही किंमतही. ॲरिस्टॉटलने दोन्ही नाकारलं. सामाईक मुलांवरची त्याची टीका बिनतोड आहे, स्त्रियांविषयीचं म्हणणं लाजिरवाणं.

११. ॲरिस्टॉटलचे न्यायाचे प्रकार गोंधळात टाकतात. सोपं करून सांगाल?

वाटपाचा न्याय: पदं, मान, पैसा ज्याच्या त्याच्या योग्यतेच्या प्रमाणात. दुरुस्तीचा न्याय: व्यवहारात किंवा गुन्ह्यात एकाचं जितकं गेलं तितकं परत. इथे चांगल्या माणसाने वाईटाला फसवलं की वाईटाने चांगल्याला, हे पाहायचं नाही.

खरी गुंतागुंत वाटपात. प्रमाण सगळ्यांना मान्य, पण योग्यता कशाने मोजायची? लोकशाहीवादी म्हणतात, स्वतंत्र जन्माने. धनिक म्हणतात, संपत्तीने. अभिजन म्हणतात, सद्गुणाने. ॲरिस्टॉटलचं उदाहरण बासरीचं आहे: उत्तम बासरी उत्तम वाजवणाऱ्याला द्यावी, कुलीन किंवा देखण्याला देऊन उपयोग काय? मग राज्य कशासाठी असतं ते आधी ठरवा, म्हणजे सत्तेची बासरी कोणाच्या हाती द्यायची ते ठरेल.

तिसरी गोष्ट अनेकजण विसरतात: कायद्याला मुरड घालणारी न्यायबुद्धी. कायदा सर्वसाधारण बोलतो, प्रसंग मात्र विशिष्ट असतो. लेस्बॉसचे गवंडी शिशाची लवचीक पट्टी दगडाच्या आकाराप्रमाणे वाकवत, तसं कायदा करणारा इथे हजर असता तर काय म्हणाला असता ते ओळखून निर्णय द्यावा. कायदाच मुळात अन्यायी असेल तर? त्यासाठी ‘ऱ्हेटोरिक’मध्ये तो सोफोक्लिसच्या नाटकातल्या अँटिगनीचा दाखला देतो. राजाज्ञा मोडून भावाला मूठमाती देणारी ती निसर्गाच्या न्यायाने बरोबर होती. प्रश्न ५ शी हे ताडून पाहा.

१२. गुलामगिरीचं समर्थन करणाऱ्याकडून न्याय का शिकायचा?

रोखठोक प्रश्न आहे. ‘पॉलिटिक्स’च्या पहिल्याच भागात ॲरिस्टॉटल म्हणतो की काही माणसं निसर्गानेच गुलाम असतात. ‘तो काळच तसा होता’ हे उत्तर मला मान्य नाही, कारण त्याच काळात अल्सिडामस हा वक्तृत्वाचा शिक्षक म्हणत होता की देवाने सगळ्यांना स्वतंत्र सोडलं आणि निसर्गाने कोणालाही गुलाम केलेलं नाही. गुलामगिरी निसर्गाविरुद्ध आहे असं मानणारे आहेत, हे ॲरिस्टॉटल स्वतःच नोंदवतो. म्हणजे त्याने दुसरी बाजू ऐकूनही ही बाजू घेतली. त्याचा युक्तिवाद आतूनच फाटतो: गुलामाला विवेक कळतो पण स्वतःजवळ नसतो, असं म्हणायचं आणि पुन्हा त्याच्याशी माणूस म्हणून मैत्री होऊ शकते असंही लिहायचं. शिकायचं असेल तर वाटपाविषयीचा त्याचा प्रश्न घ्या (प्रश्न ११) आणि त्याच्यावरच उलटवा.

१३. सहा राज्यप्रकार पाठ आहेत. पण बहुसंख्य लोक श्रीमंत असतील तर त्यांचं राज्य कोणत्या प्रकारात बसेल?

शाब्बास, हा प्रश्न ॲरिस्टॉटलनेच स्वतःला विचारला आहे. तक्ता सगळ्यांना येतो: एकाचं, थोड्यांचं, पुष्कळांचं राज्य, सर्वांच्या हिताचं असेल तर राजेशाही, अभिजनसत्ता, मिश्र संविधानी राज्य, स्वार्थाचं असेल तर जुलूमशाही, अल्पजनसत्ता, लोकशाही. मग तो म्हणतो, संख्या हा योगायोग आहे. श्रीमंत सगळीकडे थोडे आणि गरीब पुष्कळ, म्हणून आकडा जुळतो. खरा फरक पैशाचा. तुमच्या उदाहरणातलं राज्य अल्पजनसत्ताच ठरेल, डोकी कितीही असोत.

त्याची पसंती मध्यमवर्ग मोठा असलेल्या राज्याला, कारण फार श्रीमंतांना आज्ञा पाळता येत नाही आणि फार गरिबांना देता येत नाही. तरी लोकांच्या बाजूचा एक जोरदार मुद्दा त्यानेच मांडला: अनेकांनी पदार्थ आणलेली पंगत एकट्याच्या खर्चाच्या जेवणापेक्षा सरस होऊ शकते, तशी अनेकांची एकत्र बुद्धी.

१४. ॲरिस्टॉटलनंतर सगळं संपलं का?

नगरराज्यांचा जोर ओसरला, विचार चालू राहिला. एपिक्युरस म्हणाला, न्याय स्वयंभू नसतो. एकमेकांना इजा करायची नाही आणि होऊ द्यायची नाही हा करार म्हणजे न्याय, आणि उपयोग संपला की तो नियम न्याय्य उरत नाही. ग्लाउकॉनने वाद म्हणून मांडलेली बाजू (प्रश्न ७) इथे शांतपणे स्वीकारली गेली. स्टोइक पंथाच्या तत्त्वज्ञांनी सगळ्या विवेकी माणसांचं एकच नगर मानलं. पॉलिबियस, रोममध्ये ओलीस नेलेला ग्रीक इतिहासकार, राज्यप्रकारांचं चक्र आणि त्यावर उतारा म्हणून मिश्र संविधान मांडून गेला.

१५. ‘प्लेटो आदर्शवादी, ॲरिस्टॉटल वास्तववादी’ असं लिहिलं तर चालेल का?

दोन गुणांना चालेल. पण म्हातारपणी प्लेटोने ‘लॉज’ लिहिला. त्यात सॉक्रेटिस नाही, तत्त्वज्ञ राजा नाही. तीन वृद्ध क्रीटमध्ये चालता चालता ५,०४० घरांच्या वसाहतीचे कायदे ठरवतात. आकडा असा का? एक ते दहापर्यंत प्रत्येक संख्येने भाग जातो, वाटण्या सोप्या. खासगी मालमत्ता परत येते, पण सर्वांत श्रीमंताकडे गरिबातल्या गरिबाच्या चौपटीहून जास्त नको. राज्यकर्ते कायद्याचे सेवक.

उलट ॲरिस्टॉटलच्या नावावर १५८ राज्यघटनांचा संग्रह असला, तरी ‘पॉलिटिक्स’च्या शेवटच्या दोन भागांत तोही आदर्श नगराची स्वप्नं पाहतो. त्या १५८ पैकी अथेन्सची घटना तेवढी जवळपास पूर्ण मिळाली, इजिप्तमध्ये, कुणाच्या तरी शेतीच्या हिशेबाच्या पपायरसच्या पाठकोऱ्या बाजूवर. ती १८९१ मध्ये छापली गेली.

१६. सुरुवात कुठल्या पुस्तकापासून करू?

प्लेटोचा तुरुंगातला संवाद ‘क्रिटो’ (प्रश्न ५). एका बैठकीत होतो. मग ‘ॲपॉलॉजी’, म्हणजे सॉक्रेटिसचं खटल्यातलं भाषण, मग ‘रिपब्लिक’चा पहिला भाग, आणि तिथे थ्रॅसिमॅकसची बाजू घेऊन स्वतः भांडून पाहा. ॲरिस्टॉटल ‘पॉलिटिक्स’च्या तिसऱ्या भागापासून घ्या. पहिल्या भागापासून सुरू केलेले बरेचजण गुलामगिरीच्या पानांवर पुस्तक मिटतात.